खुर्चीतून ऐकलेला सिनेमा

८ जानेवारी १९३३, रविवार

आज सकाळी आमच्या चष्म्याने देह ठेवला. आजार काही नव्हता. झोपाळ्यावर उताणा पडला होता, मी वर्तमानपत्र घेऊन त्याच्यावर बसलो. डावी काच फुटली, दांडी वाकली. सोनाराने दांडी सरळ करून दिली, काचेचं म्हणाला, "ती मुंबईलाच." म्हणजे आगबोटीने जाणार, आगबोटीने येणार, मध्ये दुकानदाराची मर्जी. तोवर जग ताकासारखं. कोर्टात पट्टेवाल्याला मुन्सफ समजून नमस्कार घडण्याचा पूर्ण संभव. असल्या राष्ट्रीय आपत्तीवर अग्रलेख निघत नाहीत.

सौ. म्हणाली, "बसण्याआधी बघावं." बघायला चष्मा लागतो हे तिला पटत नाही.

खरी पंचाईत 'खवणी'ची. आमच्या साप्ताहिकात माझं हे सदर गेली चार वर्षं चालू आहे, एक पुस्तक आणि एक सिनेमा खवून द्यायचा. संपादक बाबूरावांचा निरोप आलाच: "मजकूर शनिवारपर्यंत." ठरवलं. पुस्तक सौ. वाचून दाखवील. सिनेमा तंबूत जाऊन ऐकेन.

११ जाने., बुध.

गेलो. नानाशेटचा तंबू यंदा मैदानाच्या वरच्या अंगाला. पुढे जमीन, मग बाकं, सगळ्यांत मागे खुर्च्या. खुर्चीत बसलो. समोर उजेडाचं धुकं, त्यात काळे ठिपके धावतात. घोडा की माणूस, कळायला मार्ग नाही. पेटीवाला मात्र लढाईला आणि लग्नाला एकच चाल वाजवतो, एवढं कळलं.

पण सोमा गोताड आहे. हातखंब्याच्या बाजूच्या गावातला. शिमग्यात नमन-खेळ्यांत नाचतो, बाकी दिवस तंबूचा वाचक. पडद्यावर मजकुराची पाटी आली की ती मोठ्याने वाचायची, हे काम. पाटीवर चार भाषा, मराठी एका कोपऱ्यात कोंबलेली, आणि जमिनीवर बसणाऱ्यांत वाचता येणारे थोडे. सोमा पडद्याच्या कडेला उभा राहतो. हातात कर्णा असतो, पण तो नुसता शोभेला.

गोष्ट किल्लेदाराची. भाऊ फितूर होतो, शत्रूला किल्ल्या देतो. शेकडो वेळा पाहिलेली. (आज पाहिलीही नाही.) पण त्या क्षणी म्हातारा दरवान पुढे होतो आणि म्हणतो:

"किल्ली दिलीत, सरकार. पण दरवाजा कुठं कुरकुरतो ते मलाच ठाऊक आहे."

जमीन गप्प. बाकं गप्प. मी खुर्चीत सरळ झालो. फितुरीवर आपल्याकडे पाच-पाच अंकांची नाटकं झाली, त्यांत एवढं कुणी म्हटलेलं नाही. शिव्या नाहीत, मातृभूमी नाही. नुसतं बिजागर.

१४ जाने., शनि.

पुस्तक झालं. पुण्याची सामाजिक कादंबरी. जाड होती, पण सौ.ने दोन दुपारींत संपवली. आश्चर्य म्हणजे कुठे रेंगाळत नाही. निसर्गवर्णन नाही, उपदेश नाही. लिहिलं: "लेखकाचा हात आवरता आहे; हा गुण आपल्या कादंबरीत दुर्मिळ."

सिनेमावर दीड रकाना. सगळा भर दरवानाच्या वाक्यावर. पाट्या लिहिणाऱ्याचं नाव जाहिरातीत होतं, ते शोधून काढून त्याला पूर्ण श्रेय दिलं. खवणीने कधी नव्हे ते लोणी काढलं.

२१ जाने., शनि.

अंक निघाला. बार-रूममध्ये तीन जणांनी ते वाक्य मला म्हणून दाखवलं, जणू माझंच. एकाने उलटतपासणीत वापरलं. मी हसून मान डोलावतो. चार वर्षं लोकांना टोचत आलो, तेव्हा कुणी पान विचारलं नाही. एकदा स्तुती केली तर रस्त्यात थांबवतात. वाईट सवय लागेल.

२४ जाने., मंगळ.

भलतंच झालं.

सकाळच्या बोटीने कंपनीचा एजंट उतरला, नवीन चित्राची रिळं घेऊन. मुंबईचा, हॅटवाला, रुमालाने सारखा मान पुसतो. नानाशेटने कौतुकाने माझा लेख पुढे केला. त्याने खिशातून तेच कात्रण काढलं आणि म्हणाला, "हे वाक्य आमच्या चित्रात नाही."

मला बोलावणं. गेलो.

"वकीलसाहेब, आपण चित्र पाहिलंत ना?"

"हजर होतो," म्हटलं. खोटं नाही.

एजंटने पाट्यांची छापील प्रत उघडून वाचली. दरवान खरं म्हणजे असं म्हणतो: "हाय! धिक् स्वामी! हे आपण काय केलेत!" उद्गारचिन्हं मोजून तीन.

मग सगळं बाहेर आलं. सोमा पाट्या वाचतच नाही. मनाने बोलतो. नानाशेटला ठाऊक होतं? नानाशेट पेटीवाल्याकडे बघत होते, पेटीवाला पेटीकडे.

पाट्या लिहिणारे गृहस्थ कंपनीच्या मालकाचे मेहुणे. माझं कात्रण मुंबईला पोचलं आहे. न लिहिलेल्या वाक्याबद्दल स्तुती झाली म्हणून फार दुखावले आहेत. (लिहिलेल्या वाक्यांबद्दल झाली असती तर जगबुडी.) हुकूम: वाचक बदला, नाहीतर पुढची चित्रं बंद. एजंट स्वतः पंधरवडाभर राहून बघणार.

सोमाला आजपासून रजा. माझ्या दीड रकान्याने.

२५ जाने., बुध.

सोमाकडे गेलो. तंबूमागच्या झोपडीत राहतो, बायको चटण्या-भाकऱ्या विकते. वाटलं होतं, हात जोडून उभा असेल. बाजेवर बसून विडी ओढत होता.

"या वकीलसायब. मला मारलंत ते मारलंत, पन छापून मारलंत. गावात माझे काका मला त्यो लेख वाचून दाखवीत होते."

"तुला वाचता येत नाही का रे?"

"येतं की. चौथी पास हाय. पन पाटी थांबते कुठं? मी निम्म्यावर पोचतो, तोवर घोडा येतो. पैल्या वर्षी निम्मं निम्मंच वाचायचो. लोक म्हनायचे, सोम्या, वाक्य पुरं कर. मंग पुरं करायला लागलो."

"आणि आता अख्खंच तुझं."

"मंग काय. त्यांचं निम्मं नि माझं निम्मं, जुळंना."

बायको आतून: "ह्यांना गप बसाया कोन सांगल? घरात पन असंच. मी एक बोलत्ये, हे शेजाऱ्यांना दुसरंच सांगतात."

दरवानाचं वाक्य कुठून आलं विचारलं. म्हणाला, गावच्या देवळाचा गुरव तसं म्हणतो. गाभाऱ्याचं दार कुरकुरतं. नेमकं कुठं, ते कोणाला सांगत नाही, त्याचा मान तेवढाच उरलाय.

घरी येताना ठरवलं. हा माणूस माझ्या लेखामुळे गेला, माझ्याच लेखाने परत येईल.

२७ जाने., शुक्र.

सं. घाबरले आहेत. कंपनीची जाहिरात जाईल. म्हणतात, चार ओळींचा खुलासा छापू: सदर वाक्य खिळे जुळवताना चुकून पडलं.

म्हटलं, "खिळे जुळवणाऱ्याला असलं वाक्य चुकून सुचत असेल तर त्याला संपादक करा."

हसले नाहीत. "मग तुम्ही लिहा, माझी ऐकण्यात चूक झाली."

"चूक झालीच नाही. मी जे ऐकलं त्यावर लिहिलं. तंबूतल्या तीनशे माणसांनी तेच ऐकलं. मुंबईच्या कपाटात दुसरं काही छापलेलं असेल, ते कपाटाने पाहावं."

"वकिली नको. खुलासा हवा."

"देतो. पण चार ओळींत मावणार नाही."

घरी येऊन सौ.ला तावातावाने सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. एक खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाली, "एक सांगू? त्या कादंबरीतली नदीची वर्णनं मी वाचलीच नाहीत. आणि तो सुधारक बोलायला लागला की पान उलटायची."

"किती पानं?"

"बरीच. तुम्ही म्हणालात ना, हात आवरता आहे. मला बरं वाटलं."

म्हणजे पुण्याच्या लेखकाचा दुर्मिळ गुण आमच्या माजघरात तांदूळ निवडतो आहे. मग विचार केला: कादंबरी सुधारली हे खरं की नाही? सुधारली. तेही लिहायचं.

२९ जाने., रवि.

चष्मा आला. काच जरा जास्त लागते आहे, माणसं उगीच धारदार दिसतात.

संध्याकाळी तंबू. किल्लेदाराचा शेवटचा खेळ. सोमाच्या जागी शाळेतले जोगमास्तर. उच्चार निर्मळ. एजंट माझ्याशेजारी, मांडीवर छापील प्रत, प्रत्येक पाटीला पेन्सिलीने टीक.

आज प्रथमच पाहिलं. किल्लेदार माझ्या कल्पनेपेक्षा बराच जाड. घोडा चांगला. दरवानाचं काम करणारा नट कोण आहे देव जाणे, पण चेहरा बोलका. तो किल्लीकडे बघतच नाही, दाराकडे बघतो. म्हणजे सोमाचं वाक्य त्या चेहऱ्यात होतं, पाटीत नव्हतं. जोगमास्तरांनी म्हटलं, "हाय. धिक् स्वामी. हे आपण काय केलेत."

जमिनीवरून एक मासेवाली मोठ्याने: "मास्तर काय हजेरी घेतायत काय गो?"

मग दर पाटीला "हजर" सुरू झालं. मास्तर घामाघूम. शत्रू तटावर चढला तरी "हजर". मध्यंतरात अर्धी जमीन उठून गेली. नानाशेट दाराशी उभे राहून जाणाऱ्यांची डोकी बघत होते. चेहरा दरवानाइतकाच बोलका.

१ फेब्रु., बुध.

लिहून झालं. मथळा: 'मी कोणतं चित्र पाहिलं?' मुद्दे तीन. एक, मूक चित्र गावोगाव वेगळं होतं. पेटीवाला, वाचक, पडद्याची घडी, सगळे त्यात हात घालतात. टीकाकाराने मुंबईची प्रत मनात धरून लिहायचं की समोर घडलं त्यावर? दोन, पाटीने नटाचा चेहरा वाचावा, नटाने पाटी वाचू नये. कंपनीचा लेखक शाईत बघून लिहितो. तीन, श्रेय चुकीच्या माणसाला दिलं गेलं. ते वाक्य सोमा गोताड याचं. खाली माझी कबुली की चष्मा नव्हता. सौ.बद्दलही एक परिच्छेद घातला होता. तिने वाचला आणि खोडला. लेखन सुधारलं.

सं.नी परत पाठवलं. वर शेरा: "शक्य नाही."

उत्तर पाठवलं: "मग खवणीही शक्य नाही." चार वर्षांचं सदर. पत्र धाडल्यावर वाईट वाटलं, मागे घ्यावंसं वाटलं नाही.

वाचनालयाच्या चिटणिसांना भेटलो. शनिवारी व्याख्यान मोकळं आहे, मूळ वक्त्याला ताप. म्हणाले, "विषय?" म्हटलं, "टीका म्हणजे काय." खूश झाले. त्यांना वाटलं, संस्कृत असणार.

४ फेब्रु., शनि.

व्याख्यान झालं. गर्दी नेहमीची नव्हती. बार-रूम पुढे, मागच्या भिंतीला टेकून पेटीवाला, नानाशेट, दाराबाहेर सोमाची बायको टोपलीसकट. सोमा आला नाही. तिने सांगितलं, "लाजला." यावर विश्वास नाही.

एजंट पहिल्या रांगेत. मी आधी कंपनीची पाटी वाचली, छापील, जशीच्या तशी, काही न जोडता. मग सोमाचं वाक्य. फरक सांगावा लागला नाही.

प्रश्नोत्तरांत एजंट उठला. "उद्या प्रत्येक गावचा वाचक आमच्या चित्रात मनाला येईल ते घालेल. चालेल?"

खरा प्रश्न. टाळला नाही. म्हटलं, "वाईट घालेल तर मी त्यालाही सोडणार नाही. त्याचं नाव घेऊन लिहीन. आजवर मी त्याला माणूसच धरलं नव्हतं, कर्णा धरत होतो."

जोगमास्तर उठून म्हणाले, "मला त्या कामातून मोकळं करा." सगळ्यांत मोठी टाळी त्यांना.

जाताना एजंट हळूच: "मी मुंबईला काय सांगू?"

"आपण इथे असताना छापील वाचलं गेलं, एवढं सांगा. खरं आहे."

मान पुसून गेला. सोमवारच्या बोटीने जातोय.

९ फेब्रु., गुरु.

सोमा परत कामावर. नानाशेटचं म्हणणं: शिमग्यापर्यंत तरी. पुढे कंपनी काय करते पाहू. शिवाय पुढच्या हंगामाला ते बोलणारं यंत्र भाड्याने आणायच्या खटपटीत आहेत. मग वाचक नकोच. पेटीवालाही नको. हे सोमासमोरच सांगितलं. सोमा म्हणाला, "यंत्र शिमग्याला नाचंल काय?"

खवणी बंद. सं. रस्त्याच्या पलीकडून जातात.

आज नवीन चित्र, चष्म्यासकट. गोष्ट एका पाटलाच्या सुनेची. सासरचा छळ सोसते, शेवटी पहाटे घर सोडते. सोमा जोरात होता. सासरा तर असा बोलला की मागच्या बाकावरचा एक खरा सासरा उठून गेला.

खेळानंतर सोमा आडवा आला.

"वकीलसायब, वाचनालयात माझं लई गोड बोललात म्हनं."

"खरं तेच बोललो."

"तेच सगळे बोलतात. आज पैल्यांदा तुमी डोळे घालून आलात. मंग वाईट काय ते सांगा की. दुसऱ्यांचं तर दर शनवारी छापायचात. माझंच का ठेवलंत?"

"बघून सांगतो," म्हटलं आणि घराकडे वळलो. वाईट काय ते ठाऊक होतं. सांगवलं नाही. ज्याच्यासाठी भांडलो त्याला पाडून बोलायचं जिवावर आलं. चार वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

१४ फेब्रु., मंगळ.

पुन्हा तेच चित्र पाहिलं. खातरी झाली.

त्याच्याकडे गेलो. बायको भाकऱ्या थापत होती. उभ्या उभ्याच सांगितलं, बसलो असतो तर गोड झालो असतो.

"सोमा, तुझे पुरुष बोलतात. दरवान, सासरा, चोर, सगळे. बाया नुसत्या रडतात. पाटलाची सून घर सोडते तेव्हा तू तिला 'देवा रे, आता कुठं जाऊ' म्हणून ओरडायला लावतोस. ती रडत नाहीये. मी दोनदा पाहिलं. बाहेर येते, दार ओढून घेते, कडी लावते आणि ती नीट बसली का बघते. बस्. डोळे कोरडे. तू तिच्यावर पाणी ओतलंस."

चुलीकडून: "घ्या."

सोमाचा चेहरा उतरला. मग चिडला. "तोंड मला दिसतंय कुठं? मी पडद्याच्या कुशीला. तिथून समदी लांबडी दिसतात, भोपळ्याच्या येलासारखी. हात हलला की मी समजतो, कोन बोलतंय. हात डोळ्याकडे गेला की रडत्ये."

"ती पदर सावरते."

"आता कळलं."

इतकी वर्षं तो समोरून एकही चित्र न पाहता बोलतो आहे. मी एक चित्र न पाहता लिहिलं तर गावभर झालं. घरी आलो. सौ.ला सांगितलं. म्हणाली, "मग त्याला समोर बसवा की." इतकं सोपं होतं.

१६ फेब्रु., गुरु.

दुपारी नानाशेटना गाठलं. म्हटलं, वाचक आज मागे राहील. "खुर्चीत? इतर मंडळी काय म्हणतील?" "त्यांना काय म्हणायचं ते म्हणू देत. खुर्ची माझी, मी जमिनीवर बसतो." बराच वेळ डोकं खाजवलं. शेवटी, "आजच्या दिवस."

सोमा धुतलेला सदरा घालून आला. खुर्चीत बसेना. शेवटी तिच्यामागे उभा राहिला, पाठीवर दोन्ही हात ठेवून. कर्णा पेटीवाल्याकडे. खुर्च्यांतून कुजबुज झाली, एक जण उठला आणि परत बसला. मी पुढे जाऊन बसकण मारली. एका बाजूला मासळीची टोपली, दुसऱ्या बाजूला कुणाचं तरी झोपलेलं पोर.

सुरुवातीला सोमा अडखळला. आवाज मागून येतो म्हणून लोक माना वळवून बघत. सासरा नेहमीपेक्षा मऊ बोलला. एकदा तर नुसतं "हं" म्हणाला, आणि ते बरोबर होतं, त्या नटाने तेवढंच केलं होतं.

मग पहाट. सून बाहेर आली. दार ओढलं. कडी लावली. पाटी आली, चार भाषा, बरीच उद्गारचिन्हं. मी वाट बघत होतो. मागून काहीच नाही. पाटी गेली. ती कडीकडे बघते आहे. पेटीवाल्यालाही काही सुचलं नसावं, त्याने भाता धरून ठेवला होता.

टोपलीवाली बाई, ओळखीची नाही, स्वतःशीच हळू बोलली, "ही आता परत येत नाय."

मी मागे वळून पाहिलं नाही. पाय आखडले होते, ते जरा लांब केले आणि पुढचं पाहत राहिलो.